कॉर्नफ्लोरची खाद्यवेष्टन फिल्म: कृती तीच ठेवा, पाणी सांभाळा

फिल्म तडकली की लोक ग्लिसरीन वाढवतात. मग ती चिकट होते. चिकट झाली की ग्लिसरीन कमी करून व्हिनेगर घालतात. मग ती पातळ होते, साच्याला धरून बसते, म्हणून स्टार्च वाढवतात आणि गुठळ्या होतात. प्रकल्पाची वही दहा-बारा कृतींनी भरते, पण हातात एकही अखंड तुकडा नसतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक वह्या अशाच असतात. त्यातली जवळजवळ कुठलीही कृती चालली असती. बिघडते ते पाणी: किती घातले, शिजताना किती उडाले, सुकताना किती वेगाने गेले आणि सुकल्यावर हवेतून किती परत आले.

म्हणून इथे कृती एकच आहे. पहिले तीन घाणे तिच्यात काहीही बदलायचे नाही. तीनही घाणे सारखे निघाले तरच पुढचे प्रयोग.

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक असते. चीक घोटताना हात थांबला तर काय होते, तो शिजल्याची चकाकी कशी दिसते, पापडी कागदावरून कधी सुटते आणि कधी तुटते, हे ज्ञान इथे जसेच्या तसे लागू पडते. फरक इतकाच की इथे सगळे वजन करून करायचे.

कशासाठी चालेल, कशासाठी नाही

हे आधी ठरवा, नाहीतर शेवटी फिल्मला दोष द्याल. स्टार्चची फिल्म तेलाला सहसा दाद देत नाही, म्हणजे तेल तिच्यातून सहज पाझरत नाही. कोरडी असताना ती प्राणवायूही बऱ्यापैकी अडवते. पाण्याच्या वाफेला मात्र ती अडवू शकत नाही. शेव-चिवडा गुंडाळला तर बाहेर तेलाचा डाग पडणार नाही, पण आतला चिवडा दोन दिवसांत सादळेल. धणे, जिरे, मिरी, बियाण्याच्या पुड्या, एकावेळच्या मसाल्याची पाकिटे यांना ती योग्य. ओली भाजी, चटणी, गरम पोहे, बर्फातली मासळी यांना अजिबात नाही.

१. सामान

कॉर्नफ्लोर १० ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम. एवढेच.

कॉर्नफ्लोर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे. त्यात कोंडा, तेल आणि प्रथिने असतात, त्याची फिल्म खरखरीत आणि ठिसूळ होते. कस्टर्ड पावडरही नको, तिच्यात रंग आणि सुगंध असतो. पाकिटावरचे घटक वाचा, ‘मक्याचा स्टार्च’ याखेरीज दुसरे नाव असेल तर ते पाकीट स्वयंपाकाला ठेवा. नवे, बंद पाकीट घ्या. बंद पाकिटातल्या स्टार्चमध्येही साधारण १२ टक्के ओलावा असतोच, पावसाळ्यात उघड्या डब्यात तो आणखी वाढतो आणि तुमचे १० ग्रॅम हे १० ग्रॅम राहत नाहीत.

मका का, साबुदाणा का नाही? स्टार्चमध्ये सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. फिल्मला ताकद देतो तो मुख्यतः अमायलोज. मक्यात तो २५ टक्क्यांच्या आसपास, साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या टॅपिओकात त्याहून कमी. टॅपिओकाची फिल्म जास्त पारदर्शक आणि मऊ होते, पण दमट हवेत लवकर चिकटते. शिकायला मका बरा.

ग्लिसरीनबाबत मात्र काटकसर करू नका. औषधी दर्जाचे, ‘आयपी’ लिहिलेले किंवा खाद्य दर्जाचेच घ्या. गुलाबपाणी मिसळलेले सौंदर्यप्रसाधनाचे नको, आणि सुटे औद्योगिक तर कधीच नको. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले असू शकते आणि ते वासाने, चवीने किंवा दिसण्याने ओळखू येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच भेसळीच्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. इथे तुम्ही अन्नाला टेकणारी वस्तू करत आहात, हे विसरू नका.

साधने: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा (०.०१ ग्रॅमचा मिळाला तर उत्तम), स्वयंपाकाचा थर्मामीटर, एक लहान व एक मोठे पातेले, लाकडी किंवा सिलिकोनचे उलथने, मलमलचे फडके आणि खोलीतली आर्द्रता दाखवणारा साधा मापक. हा मापक लोक टाळतात. नंतर ‘काल चांगली झाली, आज का नाही’ असे विचारतात.

सावधान: ग्लिसरीन चमच्याने किंवा मिलिलिटरमध्ये मोजू नका. ते पाण्यापेक्षा जड असते, १ मिलिलिटरचे वजन साधारण १.२६ ग्रॅम. ‘३ मिलि’ घातले की ते जवळपास ३.८ ग्रॅम होते, म्हणजे स्टार्चच्या ३० टक्क्यांऐवजी ३८ टक्के. चिकट फिल्मचे निम्मे रहस्य इथेच आहे.

२. साचा आधी, शिजवणे नंतर

द्रावण तयार झाल्यावर साचा शोधायला निघालात तर परत येईपर्यंत त्यावर साय धरलेली असते. साचा आधी मांडून, सपाट करून ठेवा.

आपण २० × ३० सेंटिमीटरचा, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटरचा साचा घेऊ. तळाला अ‍ॅक्रिलिकचा पत्रा किंवा प्रोजेक्टरसाठी वापरतात तो जाड पॉलिएस्टरचा पारदर्शक कागद, कडेने सेंटिमीटरभर उंचीची चौकट. साध्या पॉलिथीनवर द्रावण पसरत नाही, थेंब धरते. काचेवर सुंदर पसरते, पण सुकल्यावर अनेकदा सुटत नाही. स्टीलच्या ताटाचा तळ सपाट दिसतो, तो नसतो. (प्लास्टिकला पर्याय करण्यासाठी प्लास्टिकवरच ओतायचे, हे विचित्र वाटेल. पण तोच पत्रा शेकडो वेळा वापरता येतो.)

साचा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. तेलाचा हात फिरवू नका. पापड लाटताना चालते, इथे तेल लागले त्या जागी भोके पडतात.

तपासणी: साच्यात १५० मिलि साधे पाणी ओता. चारही कोपऱ्यांत पट्टीने खोली मोजा. अडीच मिलिमीटर सगळीकडे आले पाहिजे. एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ३ असेल तर तुमची फिल्मही एका बाजूने दीडपट जाड होणार, आणि पातळ बाजू आधी सुकून तडकणार. खाली घड्या घातलेल्या कागदाचे तुकडे सरकवून सपाटी साधा. मग पाणी काढून साचा पुसा आणि जागचा हलवू नका. सुकवण्यासाठी तो पुढे हलवावाच लागणार असेल तर ही सपाटी सुकवण्याच्या जागीच साधा, ओतायचे तिथेच.

रिकाम्या साच्याचे वजन करून वहीत लिहा. ते पुढे लागणार आहे.

३. भिजवणे

१० ग्रॅम कॉर्नफ्लोर लहान पातेल्यात घ्या. त्यात आधी ५० ग्रॅम गार पाणी घालून बोटाला कण लागणार नाही इतके कालवा, मग उरलेले २०० ग्रॅम पाणी घाला. पाणी गारच हवे. गरम पाण्यात गुठळीचा बाहेरचा भाग फुगतो, आतला कोरडा राहतो आणि मग कितीही घोटले तरी ती फुटत नाही.

१० मिनिटे भिजू द्या. शिजवायला घेण्याआधी तळापासून पुन्हा ढवळा, कारण स्टार्च खाली घट्ट बसलेला असतो.

आता पातेले, उलथने आणि द्रावण यांचे एकत्र वजन करा. लिहून ठेवा.

४. शिजवणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात लहान पातेले बसवा. थेट आचेवर ठेवले तर तळाला लागते, तिथला स्टार्च जास्त शिजतो, वरचा कच्चा राहतो, आणि खरवडलेले तुकडे फिल्ममध्ये मुरुमांसारखे दिसतात.

सतत ढवळा, पण फेटू नका. उलथने तळाला टेकवून आठच्या आकड्यासारखे फिरवा. ६० अंशांपर्यंत काहीच घडत नाही, नुसते दुधाळ पाणी फिरत राहते आणि हात कंटाळतो. ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान कण पाणी पिऊन फुगतात आणि द्रावण अचानक दाट होते. नेमके इथेच बहुतेक जण ‘झाले’ म्हणून पातेले उतरवतात.

झालेले नसते. दाट होणे म्हणजे कण फुगले. फिल्म व्हायला ते फुटून आतला अमायलोज पाण्यात मोकळा व्हायला हवा. त्यासाठी द्रावण ९० अंशांच्या आसपास न्या आणि तिथे १५ ते २० मिनिटे ठेवा. अधूनमधून झाकण ठेवा, नाहीतर तापमान ८५ च्या वर चढत नाही. दर मिनिटाला झाकण काढून ढवळा. या काळात द्रावण दुधाळ पांढऱ्यावरून धुकट, मग अर्धपारदर्शक होते आणि त्याला चकाकी येते. कुरडईच्या चिकाला येते तीच.

तपासणी: काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाका, पसरवा आणि काळ्या कपड्यावर धरून पाहा. पांढरे ठिपके दिसले तर आणखी ५ मिनिटे. ठिपके नसतील, थेंब सारखा धुकट असेल, तर शिजले.

ग्लिसरीन आत्ता घाला, आधी नाही. ते पाण्याशी घट्ट जुळते. सुरुवातीलाच घातले तर स्टार्चचे कण फुगायला जास्त उष्णता लागते. घरगुती प्रमाणात फरक लहान असतो, पण ज्यांचे तापमान आधीच ८५ वर अडलेले असते त्यांना तो महागात पडतो. ३ ग्रॅम ग्लिसरीन वाटीत वजन करून ओता. वाटीला चिकटलेले थोड्या गरम द्रावणाने विसळून पुन्हा पातेल्यात घ्या. ५ मिनिटे ढवळा.

आता पातेले उतरवून बाहेरून पुसा आणि पुन्हा वजन करा. सुरुवातीच्या वजनात ३ ग्रॅम ग्लिसरीन मिळवा, तितके भरले पाहिजे. ते भरणार नाही, कारण २० ते ४० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलेले असते. जेवढे कमी असेल तेवढे उकळते पाणी घालून मिसळा.

ही एक पायरी केली नाही तर बाकी सगळे मोजमाप व्यर्थ. एका दिवशी २० ग्रॅम उडते, दुसऱ्या दिवशी ४०, आणि त्याच कृतीच्या दोन फिल्म वेगवेगळ्या जाडीच्या निघतात.

सावधान: मिक्सर किंवा रवी लावू नका. त्याने गुठळ्या फुटतात हे खरे, पण द्रावणात इतकी हवा शिरते की ती तासभर निघत नाही. उकळत्या स्टार्चचा थेंब हाताला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा वाईट भाजतो, त्यामुळे लहान मुले प्रकल्प करत असतील तर ही पायरी मोठ्यांनी करावी.

व्हिनेगरविषयी

इंटरनेटवरच्या कृतींमध्ये ते असतेच. गरम आम्ल स्टार्चच्या साखळ्या तोडते, म्हणून द्रावण सरसरीत होते, ओतायला सोपे जाते आणि करणाऱ्याला वाटते की सुधारणा झाली. साखळ्या जितक्या लहान तितकी फिल्म कमजोर. शिवाय वास राहतो. वरच्या प्रमाणात द्रावण आधीच ओतण्याजोगे असते. व्हिनेगर नको.

५. हवा काढणे आणि गाळणे

द्रावण गरम असतानाच मलमलच्या ओल्या फडक्यातून गाळा. पिळू नका, आपोआप निथळू द्या.

मग झाकण ठेवून गरम पाण्यात, ७० अंशांच्या आसपास, १५ मिनिटे न हलवता ठेवा. बुडबुडे वर येतात, ते चमच्याच्या कडेने अलगद काढून घ्या. झाकण नसेल तर वर साय धरते, आणि ती मोडून आत ढवळली की फिल्ममध्ये सुरकुत्या पडतात. साय धरलीच तर ती काढून टाका, मिसळू नका.

द्रावण ५० अंशांखाली जाऊ देऊ नका. मक्याचा स्टार्च गार होताना जेलीसारखा बसतो. पुन्हा तापवून तो पहिल्यासारखा होत नाही.

६. ओतणे

साचा काट्यावर मावत असेल तर तिथेच, नाहीतर भांड्याचे वजन कमी होताना पाहत, बरोबर १५८ ग्रॅम द्रावण ओता. उरलेले एका लहान ताटलीत चाचणीसाठी ओता.

१५८ का? आपल्या २६३ ग्रॅम द्रावणात १० ग्रॅम स्टार्च आणि ३ ग्रॅम ग्लिसरीन आहे. १५८ ग्रॅममध्ये ६ ग्रॅम स्टार्च आणि १.८ ग्रॅम ग्लिसरीन येते. सुकल्यावर थोडा ओलावा धरून साधारण ८ ग्रॅम उरतात. अशा फिल्मची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट धरली तर ६०० चौरस सेंटिमीटरवर जाडी ९५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येते. तुमचा साचा वेगळ्या मापाचा असेल तर दर १०० चौरस सेंटिमीटरला २६ ग्रॅम द्रावण, एवढे लक्षात ठेवा.

एका कोपऱ्यातून, भांडे साच्याजवळ धरून ओता. उंचावरून धार सोडली की पुन्हा हवा आली. उलथन्याने थापून पसरवू नका. सपाटी नीट साधली असेल तर ते आपोआप पसरते. उरलेले बुडबुडे सुईने फोडा.

७. सुकवणे

तडकलेल्या दहा फिल्मांपैकी आठ इथे तडकलेल्या असतात, असे मी आकडेवारीशिवाय, नुसत्या अनुभवावर म्हणेन. कारण नेहमी एकच, घाई. वरचा थर आधी सुकून आकसतो, खालचा अजून ओला असतो, वरचा खालच्याला ओढतो आणि फाटतो. कडा सर्वात आधी सुकतात, म्हणून सुरुवात तिथून होते.

लक्ष्य: ४० ते ४५ अंश, हलकी हवा, १६ ते २४ तास.

महाविद्यालयात हवा खेळती असलेला ओव्हन असेल तर प्रश्न नाही. घरी भाज्या सुकवायचे विजेचे यंत्र ४० अंशांवर चालते, त्याचा पंखा थेट साच्यावर येत नाही एवढे पाहा. तेही नसेल तर साधी खोली चालते, पण ऋतू पाहून.

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की उन्हात ठेवलेली फिल्म संध्याकाळपर्यंत वाळलेल्या पानासारखी गुंडाळते. तिथे साचा घरात, सावलीत ठेवा आणि पहिले सहा तास वर पातळ सुती कापड ताणून बांधा. कापड द्रावणाला टेकू देऊ नका. वाळवणाची सवय असलेल्यांना गच्चीवर नेण्याचा मोह होतो. कुरडई तडकली तरी तळता येते, ही नाही येत.

जुलैत रत्नागिरी किंवा पणजीला उलटे. खोलीत ठेवले तर दोन दिवसांनीही ओले, आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास. स्टार्च आणि पाणी म्हणजे बुरशीला जेवणाचे ताट. २४ तासांत वरचा भाग बोटाला कोरडा लागला नाही तर तो घाणा टाकून द्या, अन्नाला लावू नका. कोकणात पावसाळ्यात उष्णता दिल्याशिवाय हे काम होत नाही, उगाच प्रयत्नही करू नका.

तपासणी: काट्यावर ठेवून साच्याचे वजन वजा करा. ओतताना १५८ ग्रॅम, सुकल्यावर ८ ते ९ ग्रॅम. दोन तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजने सारखी आली की पाणी जायचे थांबले. बोटाने चाचपून अंदाज करू नका, वरून कोरडी फिल्म खालून ओली असते.

८. सोडवणे

ओव्हनमधून काढल्या काढल्या ओढू नका. तेव्हा ती सर्वात कोरडी आणि ठिसूळ असते. साचा खोलीतल्या हवेत, ५० ते ६० टक्के आर्द्रतेत, तास-दोन तास ठेवा. ती थोडे पाणी परत घेते आणि लवचीक होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीतली हवाही कोरडीच असते, तिथे साचा मोठ्या डब्यात ओल्या फडक्याशेजारी (फडके टेकू न देता) ठेवा.

मग धारदार पात्याने चारही कडांपासून अर्धा सेंटिमीटर आत चीर द्या. कडेची जाड, वेडीवाकडी पट्टी अडकून राहते आणि फाटायला तीच सुरुवात करते. एक कोपरा उचला आणि फिल्म वर नव्हे, मागे वळवत ओढा. अडली तर थांबा, दुसऱ्या कोपऱ्याकडून या.

९. स्थिरावणे

ताजी फिल्म वाकवून ‘छान झाली’ म्हणणाऱ्यांची पंचाईत आठवड्याने होते. दोन कारणे आहेत. एक, तिचा ओलावा अजून हवेशी जुळलेला नसतो. दोन, स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा जवळ येऊन रचना घट्ट करतात. शिळी पोळी कडक होते त्यातही याचा हात असतो.

म्हणून फिल्म ४८ तास ठरावीक आर्द्रतेत ठेवून मगच तपासायची. रसायनशाळा हाताशी असेल तर बंद डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण ठेवा, २५ अंशांना आतली आर्द्रता सुमारे ५३ टक्के राहते. घरी बंद डब्यात साधे मीठ: वाटीतल्या पाण्यात इतके मीठ की तळाशी न विरघळलेले दिसत राहील. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. ही झाली पावसाळ्याची परीक्षा. फिल्म मिठाला किंवा एकमेकींना टेकू देऊ नका.

१०. तपासण्या

जाडी स्क्रूगेजने पाच जागी मोजा, मध्य आणि चार कोपरे. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत १५ मायक्रॉनहून अधिक फरक असेल तर दोष कृतीचा नाही, सपाटीचा आहे.

वाकवणे: दोन सेंटिमीटर रुंद पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळा. मग दुमडून घडी करा. पेन्सिलीवर टिकली पाहिजे, घडीवर पांढरी रेघ आली तरी चालेल, तुटायला नको.

पाणी: कोरडा तुकडा वजन करून २४ तास पाण्यात ठेवा, काढून पुन्हा सुकवा, वजन करा. ग्लिसरीन जवळजवळ सगळे निघून जाते, त्यामुळे पाचव्या हिश्शाहून अधिक घट नेहमीचीच. तुकडा अखंड राहिला का, हे जास्त महत्त्वाचे. विरघळून चिकट लगदा झाला असेल तर शिजवणे अपुरे होते.

वाफ: वाटीत वाळवलेले सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे), तोंडावर फिल्म, कडा मेणाने बंद. मिठाच्या डब्यात ठेवून रोज वजन करा. शेजारी पॉलिथीन लावलेली एक वाटी आणि उघडी एक. तीन वाट्यांचे आकडे पाहिले की चिवडा का सादळतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

माती: दोन सेंटिमीटरचे तुकडे जाळीच्या कापडात शिवून कुंडीतल्या ओल्या मातीत बोटभर खोल पुरा. जाळी नसेल तर आठवड्याने तुकडा सापडत नाही, आणि तो कुजला की हरवला हे सांगता येत नाही. सोबत साध्या कागदाचा तुकडाही पुरा, तुलनेला.

११. बिघडले तर कुठे पाहायचे

पांढरे ठिपके, खरखरीत स्पर्श: शिजवणे. तापमान ९० ला पोहोचले नाही, किंवा गार पाण्यात नीट कालवले नाही.

कडेपासून आत जाणाऱ्या भेगा: सुकवण्याची घाई. मधोमध जाळीसारख्या भेगा: तळाला तेल किंवा साबण राहिला, किंवा थर फार जाड.

बोटाला चिकटणारी, घामेजलेली फिल्म: आधी आर्द्रतामापक पाहा. ८० च्या वर असेल तर फिल्मचा दोष नाही. ६० ला चिकटत असेल तर ग्लिसरीन जास्त पडले.

गोल खड्डे, टाचणीएवढी भोके: हवा.

पहिल्या दिवशी मऊ, आठवड्याने कडक: कोरड्या जागी ठेवली. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते म्हणूनच फिल्म मऊ राहते, धरायला पाणीच नसेल तर ते तरी काय करणार.

१२. आता बदल करा, एकावेळी एकच

तीन घाणे जमले असतील तर ग्लिसरीनपासून सुरुवात करा. दमट किनाऱ्यासाठी १० ग्रॅमला २.५ ग्रॅम, कोरड्या भागासाठी ३.५. दीड ग्रॅमच्या खाली फिल्म काचेसारखी तुटते, ४ च्या वर ग्लिसरीन पृष्ठभागावर येऊ लागते.

ताकद हवी असेल तर चायनाग्रास, म्हणजे अगार. १ ग्रॅम स्टार्च कमी करून १ ग्रॅम अगार. ते स्टार्चसोबत टाकू नका, गरगरीत उकळल्याशिवाय ते विरघळत नाही आणि ९० अंशांच्या दाट द्रावणात त्याचे धागे तसेच राहतात. २५० ग्रॅममधलेच १०० ग्रॅम पाणी वेगळे घेऊन त्यात उकळून पूर्ण पारदर्शक करा आणि शिजलेल्या स्टार्चमध्ये गरमच मिसळा. अगार ४० अंशांखाली बसते, तेव्हा ओतताना दिरंगाई नको.

फिल्म पाण्यात थोडी अधिक टिकायला हवी असेल तर समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट. त्याचे २ टक्क्यांचे द्रावण सुकलेल्या फिल्मवर पातळ पसरून सुकवा, मग वरून खाद्य दर्जाच्या कॅल्शियम क्लोराइडचे २ टक्के द्रावण फवारा. कॅल्शियम साखळ्यांना एकमेकींशी बांधते आणि तो थर पाण्यात विरघळेनासा होतो. मिनिटभराने ओल्या कापडाने जास्तीचे क्षार टिपून घ्या, नाहीतर फिल्म कडवट-खारट लागते आणि हवेतले पाणी ओढत राहते.

पुडी करायला उष्णतेने सील करण्याच्या भानगडीत पडू नका, या फिल्मला ते नीट जमत नाही. कडेला ओला ब्रश फिरवा, दुसरी कड टेकवून दोन मिनिटे वजनाखाली ठेवा. धरत नसेल तर पातेल्यात उरलेली खळ लावा.

१३. विकायचा विचार असेल तर

वरचे सगळे शिकण्यासाठी आणि घरच्या वापरासाठी आहे. अन्नाचे वेष्टन म्हणून विकायचे तर एफएसएसएआयचे (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे) २०१८ चे पॅकेजिंग नियम लागू होतात. वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा तिथे किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. पाण्याच्या तपासणीत तुमची फिल्म किती विरघळली ते आठवा: ओल्या पदार्थासाठी ती या मर्यादेत अजिबात बसत नाही. ‘कंपोस्टेबल’ असे छापून पिशव्या विकायच्या तर आयएस १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. कुंडीतल्या मातीचा प्रयोग तिथे पुरावा म्हणून चालत नाही.

घरच्या धण्या-जिऱ्याच्या पुड्यांना यातले काहीच लागत नाही. त्या पुड्या मात्र जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.